कोपरीचा गाळा आणि गावचा जामीन



लागण, बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणीचा कार्यक्रम एवढे ऊस विकास खात्याचे काम. कर्जवसुलीच्या कायद्यावर आम्ही लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु नोंदीसाठी गटागटांतून फिरताना अलीकडे एक गोष्ट वारंवार दिसू लागली आहे. बांधावर बोलणे आडसालीचे चाललेले असते आणि मध्येच सभासद खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणतात, “साहेब, हे तेवढं वाचून सांगा.” कागद बँकेचा असतो. मुलाने, पुतण्याने किंवा जावयाने ठाण्याकडे दुकानाचा गाळा घेतलेला असतो, हप्ते थकलेले असतात आणि जामीनदार म्हणून गावच्या माणसाचे नाव असते. कधी गावठाणातले घर किंवा बिगरशेती प्लॉटही तारण दिलेला असतो. कागद येऊन दीड-दोन महिने झालेले असतात, आणि तेवढ्या काळात करण्यासारखे जे होते ते बहुतेक हातातून गेलेले असते.

ही बाब समजून सांगणारे कोणी भेटत नाही, म्हणून चार गोष्टी येथे लिहीत आहोत. आम्ही वकील नाही. नोटीस हातात पडली की वकील गाठायचाच आहे. पण कोणत्या दिवसापर्यंत काय करता येते हे सभासदाला स्वतःला ठाऊक असले, तर वकिलाकडे तो वेळेत पोहोचेल.

कोपरीचे उदाहरण घेण्याचे कारण असे की आपल्या भागातली बरीच मंडळी त्या बाजूला स्थिरावली आहेत. कोपरी म्हणजे ठाणे स्टेशनच्या पूर्वेचा भाग. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला खाडी. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग कोपरीच्या पुलावरून रेल्वे ओलांडून ठाण्यात शिरतो. मूळचे कोळी-आगरी लोकांचे गाव, फाळणीनंतर तेथे सिंधी कुटुंबांची वसाहत झाली, पुढे स्टेशनच्या जवळिकीने बाजारपेठ वाढली. अशा ठिकाणी गाळ्याची किंमत आपल्याकडच्या कित्येक एकर बागायतीला भारी पडते. साहजिकच गाळा कर्जावर घेतला जातो आणि कर्जाला गावचा जामीन लागतो.

पीक कर्जापेक्षा हे कर्ज वेगळे कसे

सोसायटीचे पीक कर्ज आपल्या अंगवळणी पडले आहे. वर्षाला एकदा उचल, ऊस कारखान्याला गेला की बिलातून कपात, आणि एखादे वर्षी तोड लांबली तर वसूलही लांबतो. गाळ्याच्या कर्जाला हंगाम नाही. हप्ता दर महिन्याला. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की ते खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए, होते. तेथून बँकेची वागणूक बदलते, कारण त्या खात्यापोटी बँकेला स्वतःच्या नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते. शाखेचा मॅनेजर मनाने कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात मग फारसे राहत नाही.

म्हणून खरी वेळ या ९० दिवसांची आहे, आणि नेमक्या याच दिवसांत कर्जदार बँकेत जाणे टाळतो, फोन उचलत नाही, गावी काही कळवत नाही. जामीनदाराला तर पहिली खबर नोटिशीनेच लागते. जामीन राहिलेल्या सभासदांनी दर तिमाहीला खात्याचा उतारा मागून पाहायची सवय ठेवावी. पोराने तोंडी “सगळं व्यवस्थित आहे” म्हटले तरीही मागावा. खोडकिडीचा पहिला पोंगा वाळलेला दिसला की आपण दुसऱ्याची वाट पाहत नाही, तशातला हा प्रकार.

या अवधीत बँकेकडे लेखी अर्ज करता येतो. धंदा का बसला, येणी किती आहेत, पुढे किती हप्ता झेपेल हे आकड्यांसह लिहून मुदत वाढवून मागता येते. लहान उद्योग असेल, म्हणजे गाळ्यात छपाई, पॅकिंग, वर्कशॉप असे काही चालत असेल, तर रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये व्यापारी बँकांना २५ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी अडचणीतल्या उद्योगांना सावरण्याची एक पद्धत घालून दिली आहे. ती पाळणे बँकेवर बंधनकारक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी सांगितले. मात्र त्याच निकालात असेही म्हटले की आपण लहान उद्योग आहोत हे कागदपत्रांसह वेळेवर पुढे मांडणे ही उद्योगवाल्याची जबाबदारी आहे. लिलावापर्यंत गप्प राहून मग तो मुद्दा काढता येणार नाही. तेव्हा उद्यमची नोंदणी असेल तर तिची प्रत पहिल्याच अर्जाला जोडावी.

दंडाविषयीही एक नियम झाला आहे. थकलेल्या हप्त्यावर पूर्वी जे दंडव्याज चढत असे, त्याऐवजी आता फक्त दंड आकारता येतो, आणि तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. उतारा हाती आला की ही ओळ तपासून पाहावी.

साठ दिवसांची नोटीस

खाते एनपीए झाल्यावर तारण मालमत्ता असलेली बँक २००२ सालच्या सरफेसी कायद्याचा आधार घेते. या कायद्याचे पूर्ण नाव एवढे लांब आहे की ते लिहीपर्यंत पाण्याची पाळी संपेल. त्यातले महत्त्वाचे एवढेच की तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्यासाठी बँकेला आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही.

आपल्या सहकारी बँकेला हा कायदा लागू नाही, असे अजूनही काहीजण सांगतात. त्यावर बरीच वर्षे वाद होता हे खरे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला आणि ५ मे २०२० रोजी निकाल लागला की सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो. पतसंस्थांना मात्र तो नाही, त्यांची वाट १०१ च्या दाखल्याची. साखर कारखानदारीलाही हा कायदा परका नाही. कोरेगाव तालुक्यातला जरंडेश्वर सहकारी साखर कारखाना राज्य सहकारी बँकेने थकीत कर्जापोटी याच कायद्याखाली २०१० साली लिलावाने विकला. त्या विक्रीवरून पुढे चौकश्या आणि कज्जे झाले, तो विषय वेगळा. सभासदांचा कारखाना जिथे या कायद्याने विकला गेला तिथे एका गाळ्याची काय कथा, एवढेच लक्षात घ्यावे.

बँक प्रथम १३(२) कलमाची नोटीस देते. तीत येणे रक्कम आणि तारण मालमत्तेचा तपशील असतो, आणि ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरा असे लिहिलेले असते. थकलेला हप्ता नव्हे, पूर्ण रक्कम. ही नोटीस पाहून सभासद घाबरतात आणि कपाटात ठेवून देतात. वास्तविक हीच नोटीस सर्वांत उपयोगाची आहे. तिला लेखी हरकत घेता येते आणि हरकतीला बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. येण्याच्या रकमेत भरलेले हप्ते धरलेले नाहीत, मालमत्तेचा सर्व्हे नंबर चुकला आहे, तारण जमीन शेतीची आहे, असे जे काही म्हणणे असेल ते याच वेळी, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह गेले पाहिजे. शाखेत जाऊन चहा पिऊन सांगितलेल्या गोष्टीला पुढे कोणी विचारत नाही.

नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाळा विकणे, भाडेपट्ट्याने देणे किंवा दुसऱ्याच्या नावे करणे यालाही बंदी आहे. “पाहुण्याच्या नावावर करून टाक” असा सल्ला चावडीवर फुकट मिळतो. तो ऐकू नये.

साठ दिवस उलटले की बँक ताब्याची नोटीस गाळ्याच्या शटरवर चिकटवते आणि वर्तमानपत्रात देते. हा कागदोपत्री ताबा. प्रत्यक्ष ताब्यासाठी ती जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, कोपरीच्या गाळ्याला ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. ताब्याची ही कारवाई बेकायदेशीर वाटत असेल तर तेव्हापासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करता येतो. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात मनाई मिळेल म्हणून धाव घेणारे वेळ आणि पैसा दोन्ही घालवतात, कारण या बाबतीत दिवाणी कोर्टाचा अधिकार कायद्याने काढून घेतलेला आहे. डीआरटीत जाण्यासाठी मोठी अनामत भरावी लागत नाही. सुरुवातीला कायद्यात येण्याच्या ७५ टक्के रक्कम आधी भरा अशी अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली रद्द केली. परंतु तेथे हरून वरच्या अपील न्यायाधिकरणात जायचे झाल्यास ५० टक्के रक्कम भरावी लागते. ती कमी करून २५ टक्क्यांपर्यंत आणता येते, त्याखाली नाही.

जाहिरात छापली त्या दिवशी दार बंद

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे समजूत अशी की लिलावाच्या दिवसापर्यंत, फार तर खरेदीखत होईपर्यंत, सर्व पैसे भरले की मालमत्ता सुटते. जुना कायदा साधारण तसाच होता. १ सप्टेंबर २०१६ पासून तो बदलला. आता लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याच्या आधी पूर्ण रक्कम आणि खर्च भरला तरच मालमत्ता सोडवण्याचा हक्क राहतो. जाहिरात छापून आली की तो हक्क म्हणून उरत नाही.

हे किती कडक आहे ते ठाण्याजवळच्याच एका प्रकरणात दिसले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी औद्योगिक क्षेत्रातला एक मोठा भूखंड बाफना मोटर्सच्या कर्जापोटी युनियन बँकेकडे तारण होता. कर्ज सुमारे १०० कोटींचे, आणि जागेच्या भाड्याच्या उत्पन्नावर दिलेले. हप्ते थकले आणि जून २०२१ मध्ये सुमारे १२३ कोटी ८३ लाखांची मागणी नोटीस निघाली. बँकेने लिलाव लावले, पण एकामागून एक आठ फुकट गेले, गिऱ्हाईकच मिळेना. नवव्या वेळी, ३० जून २०२३ रोजी, सेलिर नावाच्या संस्थेची १०५ कोटी ५ लाखांची बोली लागली. तेवढ्यात कर्जदारांनी १२९ कोटी भरून मालमत्ता सोडवून घेण्याची तयारी दाखवली. बोलीपेक्षा ही रक्कम जवळजवळ २४ कोटींनी जास्त. बँकेचेही भले, कर्जदाराचेही भले, असे कोणालाही वाटेल. मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ रोजी तशी परवानगी दिलीही. परंतु २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जाहिरात निघाल्यावर हक्क संपला, बोली लागलेल्या खरेदीदाराला मालमत्ता मिळालीच पाहिजे, पैसे जास्त येतात म्हणून लिलाव मोडता येणार नाही, असा तो निकाल. कज्जा त्यानंतरही चालू राहिला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाला पुन्हा खरेदीदाराच्या बाजूने आदेश द्यावा लागला.

आम्हाला विचाराल तर या निकालाचा राग येण्यापेक्षा त्यातून तारीख शिकून घ्यावी. लिलावावर कोणाचा भरवसाच राहिला नाही तर बोली लावायला पुढे येणार कोण? आधीचे आठ लिलाव फुकट गेले होते, हे विसरू नये. पण कोट्यवधींचे कर्जदार आणि त्यांचे मोठमोठे वकील जेथे तारखेला चुकले, तेथे आपल्या सभासदाने नोटिशी नुसत्या साठवून ठेवल्या तर त्याचे काय होणार?

लिलावाच्या आधीच गाळा विकावा

धंदा बसला आहे आणि हप्ता झेपणार नाही हे उघड दिसत असेल, तर सर्वांत शहाणपणाचा मार्ग बहुतेक वेळा एकच असतो. बँकेच्या संमतीने स्वतःच गिऱ्हाईक पाहून गाळा विकायचा. गिऱ्हाईक पैसे थेट कर्जखात्यात भरतो, बँक बोजा उतरवते आणि उरलेले कर्जदाराला मिळतात. हिशोब करून पाहा. समजा कर्ज ३६ लाख बाकी आहे, व्याज १२ टक्के आणि मोकळ्या विक्रीत गाळ्याला ५० लाख येतात. हप्ते थांबल्यापासून दोन महिन्यांत विकला तर बँकेचे देणे पावणेसदतीस लाखांच्या आत राहते आणि सव्वातेरा लाखांच्या आसपास हाती उरतात. तोच गाळा दोन वर्षे कज्जे करून लिलावात गेला तर देणे पावणेसेहेचाळीस लाखांच्या घरात पोहोचते. लिलावात बंद शटरचा, वीज आणि सोसायटीची देणी थकलेला गाळा ५० लाखांना कोणी घेत नाही. समजा ४२ लाखांना गेला, तर पावणेचार लाख अंगावर राहिले, खर्च वेगळा. आणि ते मागायला बँक गावी येणार.

गाळा विकायचा म्हटले की पोराला कमीपणा वाटतो, घरात बायामाणसांपुढे सांगायची पंचाईत होते, सोयरिकीवर परिणाम होईल असे वाटते. हे आम्ही समजू शकतो. पण वरचे सव्वातेरा आणि पावणेचार हे दोन आकडे घरात बसून एकदा सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावेत.

लिलावात येण्यापेक्षा जास्त रक्कम आली तर जास्तीची रक्कम कर्जदाराची असते, हेही सांगून ठेवतो. ती मागायला कोणी जात नाही.

तडजोडीने कमी रकमेत खाते मिटवण्याची, ज्याला ओटीएस म्हणतात, योजना अनेक बँकांकडे असते. तिचा अर्ज जरूर करावा. मात्र तो हक्क नव्हे. बिजनोर अर्बन सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२१ रोजी सांगितले की तडजोड द्यायची की नाही हे बँकेने ठरवायचे, न्यायालय ती द्यायला लावणार नाही. तडजोड झालीच तर ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला जावी. शेतीखेरीज इतर कर्जात तडजोड केलेल्या माणसाला त्याच बँकेकडून पुढे निदान १२ महिने नवे कर्ज मिळत नाही, हेही धरून चालावे.

जामीनदार आणि शेतजमीन

आता आपल्या सभासदांचा खरा प्रश्न. “कर्ज त्यानं काढलं, गाळा त्याच्या नावावर, आधी त्याचं घ्या, मग माझ्याकडे या.” न्याय्य वाटते, पण कायदा असे म्हणत नाही. करार कायद्याच्या १२८ कलमाप्रमाणे, करारात वेगळे काही लिहिले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँक कर्जदाराला सोडून आधी जामीनदारालाही गाठू शकते. सरफेसी कायद्यात तर ‘कर्जदार’ या शब्दाच्या व्याख्येतच जामीनदार धरला आहे. दुसरी बाजू अशी की जामीनदाराने पैसे भरले तर तो बँकेच्या जागी येतो. बँकेकडे जे तारण होते त्यावर त्याचा हक्क पोहोचतो आणि कर्जदाराकडून तो रक्कम वसूल करू शकतो. नातलग असले तरी भरलेल्या पैशाच्या पावत्या स्वतःच्या नावाने घ्याव्यात आणि जपून ठेवाव्यात.

शेतजमीन या कायद्यातून सुटलेली आहे. शेतजमिनीवरचे तारण सरफेसीखाली विकता येत नाही, असे ३१ व्या कलमात स्पष्ट आहे. परंतु हे वाक्य अर्धवट ऐकून सभासद निर्धास्त होतात. सात-बारावर शेती लिहिलेले असणे पुरेसे नाही. गोव्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या कर्जात काही जमीन शेतीची असल्याची हरकत घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ती मानली नाही, कारण जमीन हॉटेलसाठी म्हणून तारण दिली होती आणि शेती तेथे होत नव्हती. जानेवारी २०२३ च्या दुसऱ्या निकालाप्रमाणे, तारण देताना तेथे खरोखर शेती होत होती हे सिद्ध करण्याचा भार कर्जदारावर आहे. रस्त्याकडेच्या ज्या गटात मंगल कार्यालय किंवा गोदाम उभे आहे, तेथे उसाचे नाव सांगून भागणार नाही. उलट जेथे फड उभा आहे त्या सभासदाने पीकपाहणीची नोंद दरवर्षी लावून घ्यावी आणि कारखान्याकडची ऊस नोंदीची पावती व बिले ठेवावीत. ती कामाला येतात. गावठाणातले घर आणि बिगरशेती प्लॉट यांना ही सवलत नाही.

आणि सरफेसीतून सुटली म्हणजे जमीन सर्वच वसुलीतून सुटली असेही नव्हे. सहकारी बँक किंवा पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या १०१ कलमाखाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवू शकते, आणि त्या दाखल्यावर वसुली अधिकारी जामीनदाराच्या शेतजमिनीवरही येऊ शकतो. १०१ ची नोटीस आली की सुनावणीला हजर राहून म्हणणे मांडावे. दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध फेरतपासणीला जाताना निम्मी रक्कम भरावी लागते.

जामीनदार वारला तर त्याची जबाबदारी संपत नाही. वारसांना जेवढी मिळकत आली तेवढ्यापुरती ती त्यांच्याकडे येते. वारसनोंद करताना हे कोणी विचारीत नाही.

पैसे देणाऱ्याच्या बाजूने

आपल्यातले काहीजण पतसंस्थांचे, नागरी बँकांचे संचालक आहेत, आणि ठेवीदार तर घरटी एकतरी आहे. बुडणारे पैसे अखेर आपलेच, म्हणून हेही बोलले पाहिजे. कर्ज वसूल होत नाही याची कारणे पुष्कळदा कर्ज देतानाच पेरलेली असतात. मूल्यांकनवाला गाळ्यावर न जाता अहवाल देतो. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र फाइलला नसते. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. अशा इमारतीत गाळा किंवा घर घेतलेल्याची इमारत जाते पण कर्ज राहते, आणि बँकेच्या हातात विकायला काही उरत नाही. महापालिकेत जाऊन परवानगीचा नंबर प्रत्यक्ष तपासण्याचे काम एका दिवसाचे आहे. ते बँकेनेही करावे आणि घेणाऱ्यानेही.

दुसरे, तारणाची नोंद. सरसाई या केंद्रीय नोंदवहीत बँकेने तारणाची नोंद केलेली असावी लागते. जळगाव जनता सहकारी बँकेच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२२ साली ठरवले की अशी नोंद असेल तर सरकारच्या थकीत करापेक्षा बँकेचा हक्क आधी येतो. नोंद नसेल तर हा अग्रहक्क हातचा जातो. ही नोंदवही कोणालाही किरकोळ शुल्क भरून पाहता येते. गाळा विकत घेणाऱ्याने सौदा करण्याआधी ती पाहिली, तर आधीचे कर्ज लपवून केलेला व्यवहार बहुधा तेथेच उघडा पडतो.

तिसरे, हरकतीच्या अर्जाला छापील उत्तर पाठवू नये. कर्जदाराने स्वतः गिऱ्हाईक आणले असेल तर संमतीचा कागद समितीच्या पुढच्या सभेपर्यंत अडकवून ठेवू नये. गिऱ्हाईक तोवर थांबत नाही, आणि मग पुन्हा पुन्हा लिलाव लावून किंमत उतरवत बसावे लागते.

कर्ज फिटल्यावर

पैसे भरले, खाते बंद झाले, की लोक निवांत होतात. मूळ कागद मात्र बँकेतच राहतात. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांत १ डिसेंबर २०२३ पासून फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत देण्याचा आणि उशिराला दिवसाला ५,००० रुपये देण्याचा नियम आहे. धंद्यासाठीचे गाळ्याचे कर्ज त्यात मोडत नाही असे बँक म्हणू शकते, म्हणून शेवटचा भरणा करण्यापूर्वीच कोणकोणते मूळ कागद बँकेकडे आहेत याची यादी सही-शिक्क्यानिशी घ्यावी. बेबाकी दाखला घ्यावा, त्यात जामीनदार मोकळा झाल्याचा उल्लेख असावा. सरसाईतली नोंद कमी झाल्याची प्रत मागावी. गाळ्याच्या सोसायटीला बँकेचे पत्र द्यावे. गावाकडचा प्लॉट किंवा जमीन तारण असेल तर बोजा कमी करण्याचे बँकेचे पत्र घेऊन तलाठ्याकडे स्वतः जावे आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून पाहावा.

ज्या सभासदांकडे अशा नोटिशी आल्या असतील त्यांनी त्या पाकिटासह, पोस्टाच्या शिक्क्यासह ठेवाव्यात. दिवस मोजायला तो शिक्का लागतो.

— ऊस विकास अधिकारी